सहावा विषय डिजिटल माध्यमांचा

जयपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात राज्यपालांचं निवासस्थान आहे, मंत्र्यांचे बंगले आहेत आणि आसपासच्या गल्ल्यांत बदलीच्या नोकरीवर आलेली कुटुंबंही राहतात. रेल्वे, बँक, केंद्र सरकारचं एखादं खातं, असं काहीतरी निमित्त होतं आणि मराठी घर तीन-चार वर्षांसाठी या शहरात येऊन थांबतं. अशा घरातलं मूल आठवी संपवून नववीत जातं तेव्हा शाळेकडून विषय निवडण्याचा फॉर्म येतो. भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र यांच्या खाली आणखी एक रकाना असतो, 'स्किल सब्जेक्ट'चा. तो बहुतेक घरांत शेवटी आणि घाईघाईत भरला जातो. मुलाला मोबाइलवर व्हिडिओ जोडता येतात म्हणून ते मल्टिमीडिया मागतं, वडील 'कॉम्प्युटरचं काहीतरी घे' म्हणतात, आणि साताऱ्याहून आजी फोनवर विचारते की याचे मार्क धरतात का.

आजीचा प्रश्न आधी घ्यायला हवा. मार्क धरतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या शाळेत कौशल्य विषय सहावा विषय म्हणून घेता येतो आणि तो दहावीच्या गुणपत्रिकेवर येतो. विज्ञान, गणित किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एखाद्या विषयात विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला, तर उत्तीर्ण झालेला कौशल्य विषय त्या विषयाच्या जागी धरून निकाल लावला जातो. हा आधार मोठा आहे, पण त्याची मर्यादाही ठाऊक असावी. गणिताच्या जागी मल्टिमीडिया धरून दहावी सुटली, तरी अकरावीला गणित घेण्याची वाट मोकळी होत नाही. जे मूल पुढे अभियांत्रिकीचा विचार करतं आहे, त्याने या सोयीच्या भरवशावर गणिताकडे दुर्लक्ष करू नये.

वडिलांच्या 'कॉम्प्युटरचं काहीतरी' या उत्तरात मात्र खरी गफलत आहे. सीबीएसईच्या यादीत नववी-दहावीसाठी ४०२ क्रमांकाचा विषय 'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' आहे आणि पुष्कळ शाळा तोच देतात. त्यात दस्तऐवज तयार करणं, स्प्रेडशीट, डेटाबेस आणि इंटरनेटची सुरक्षितता शिकवली जाते. हे उपयोगाचं शिक्षण आहे, पण ज्या मुलाला चित्र, ध्वनी आणि हालचाल यांच्याशी काम करायचं आहे त्याला वर्षभर स्प्रेडशीटचे तक्ते भरताना कंटाळा येणार. माध्यमांच्या जवळचा विषय आहे ४१५, 'मल्टिमीडिया'. ४१७ हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. अकरावी-बारावीत निवड आणखी रुंदावते. तिथे ८२१ मल्टिमीडिया, ८०३ वेब ॲप्लिकेशन, ८३० डिझाइन आणि ८३५ मास मीडिया स्टडीज असे वेगवेगळे विषय आहेत. फॉर्म भरताना नावावर जाऊ नये. क्रमांक पाहावा, त्या वर्षाचा अभ्यासक्रम मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि मुलासोबत बसून वाचावा.

त्यानंतर शाळेत जाऊन बोलावं. हा विषय शिकवणारे शिक्षक कोण, ते कायम आहेत की बाहेरून येतात, प्रयोगशाळेत एका संगणकावर किती मुलं बसतात, गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेलं काम पाहायला मिळेल का, हे मोकळेपणाने विचारावं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्या शाळेत विषय खरोखर शिकवला जातो तिथे मुलांनी केलेली पोस्टर, ध्वनिफिती, ॲनिमेशनचे तुकडे कुठे ना कुठे जपून ठेवलेले असतात.

राजस्थान माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांचं गणित वेगळं आहे. या मंडळाचं मुख्यालय अजमेरला आहे. तिथल्या सरकारी शाळांत समग्र शिक्षा योजनेखाली नववीपासून व्यावसायिक विषय दिले जातात, पण एका शाळेला साधारणपणे एक-दोनच व्यवसाय मिळतात. घराजवळच्या शाळेत आरोग्यसेवा किंवा रिटेल असेल आणि माध्यमांचं काहीच नसेल, असं सहज होऊ शकतं. ज्यांची बदली वर्षाच्या मध्यात होते किंवा ज्यांना शाळेत विषयच मिळत नाही, त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा पर्याय आहे. तिथे माध्यमिक स्तरावर डेटा एंट्री ऑपरेशन्स आणि उच्च माध्यमिक स्तरावर मास कम्युनिकेशन हे विषय आहेत. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात.

बदलीच्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सीबीएसईत नववी आणि दहावी हा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे आणि विषय दहावीत बदलणं अवघड असतं. नववी जयपुरात आणि दहावी नागपूरला होणार असेल, तर नागपूरच्या शाळेत तोच क्रमांक शिकवतात का, हे बदलीचा आदेश हातात पडला त्याच आठवड्यात विचारून घ्यावं.

आता अभ्यासाचं. चारशे दोनचं उदाहरण घेतलं तर लेखी परीक्षा ५० गुणांची आणि प्रात्यक्षिक ५० गुणांचं असतं. लेखीतले १० गुण रोजगारक्षम कौशल्यांचे, म्हणजे संवाद, आत्मव्यवस्थापन, माहिती तंत्रज्ञानाचा वापर, उद्योजकता आणि पर्यावरणपूरक कौशल्यं या पाच घटकांचे. उरलेले ४० गुण विषयाचे. हे पाच घटक मुलं किरकोळ समजून सोडतात आणि दहा गुणांवर पाणी सोडतात. दोन दिवसांच्या वाचनात ते पदरात पडू शकतात. प्रात्यक्षिकाच्या पन्नासांत कामाची फाइल आणि तोंडी परीक्षाही असते. म्हणजे निम्मे गुण जे केलं ते दाखवण्याचे आणि ते का केलं हे सांगण्याचे.

इथेच बहुतेकांचा अभ्यास चुकतो. मूल सॉफ्टवेअर शिकतं, बटणं पाठ करतं, यूट्यूबवर पाहून चमकदार अक्षरं हलवतं, आणि हे कुणासाठी केलं असं परीक्षकाने विचारलं की गप्प होतं. माध्यमाचं शिक्षण सुरू होतं ते या 'कुणासाठी'पासून. पाहणारा कोण, त्याला काय कळायला हवं, तो मोबाइलवर पाहणार की भिंतीवर, हे ठरल्याशिवाय संगणक सुरू करू नये.

या बाबतीत दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण प्रत्येक माध्यम-विद्यार्थ्याला सांगायला हवं. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले, छायाचित्रण केलं, छपाईच्या धंद्यात हात घातला. १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला, पण चित्रपटासाठी पैसे द्यायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर बी मिनिटभरात उगवून वेल होताना दिसलं. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखला जाणारा तो तुकडा पाहून कर्ज देणारे पुढे आले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. या तुकड्याचा प्रेक्षक ठरलेला होता, त्याला काय पटवायचं ते ठरलेलं होतं, आणि हाताशी असलेल्या साधनांतच काम झालं होतं. आजही तोच प्रयोग करता येतो. मोबाइल तिपाईवर बसवायचा, भिजवलेली मटकी काचेच्या वाटीत ठेवायची आणि दर दहा मिनिटांनी एक चित्र घ्यायचं. दोन दिवसांत २८८ चित्रं होतात. सेकंदाला बारा या वेगाने लावली की चोवीस सेकंदांचा चित्रपट तयार. नववीच्या मुलाला चौकटींचा वेग म्हणजे काय हे यापेक्षा नीट समजणं कठीण.

जयपूरलाही आपला असा पूर्वज आहे. सवाई रामसिंह दुसरे हे इथले महाराज स्वतः छायाचित्रकार होते. एकोणिसाव्या शतकात, काचेच्या ओल्या पट्टीवर रसायन लावून चित्र घ्यावं लागे त्या काळात, त्यांनी दरबाराची आणि अंतःपुरातल्या स्त्रियांचीही छायाचित्रं घेतली. किशनपोल बाजारातल्या कलाशाळेची मुहूर्तमेढही त्यांच्याच कारकिर्दीतली. छायाचित्रणावर प्रकल्प करायचा असेल तर हा विषय हाताशी आहे.

प्रकल्प कसा उभा करावा, हे एका कल्पित कामावरून पाहू. विषय घेऊ जयपूरचे पतंग. चौदा जानेवारीला महाराष्ट्रात तिळगूळ वाटला जातो, तर जयपूरची गच्ची न् गच्ची पतंगांनी भरते. जुन्या शहरातला हांडीपुरा हा पतंगांचा बाजार आहे. सिव्हिल लाइन्सहून मेट्रोने रेल्वे स्टेशन, सिंधी कॅम्प आणि मग चांदपोल. तिथून बाजारात जायचं. साठ सेकंदांचा माहितीपट करायचा आणि तो पाहणार महाराष्ट्रातली पाचवी-सहावीची मुलं, असं ठरवलं. म्हणजे भाषा मराठी हवी, कारागिराचं बोलणं हिंदीत राहील आणि खाली मराठी उपशीर्षकं येतील.

पहिल्या दिवशी कॅमेरा न्यायचा नाही. नुसतं जायचं, पतंगाचा कागद, बांबूच्या कामट्या, चिकटवण्याची पद्धत पाहायची, दुकानदाराशी बोलायचं, चित्रण करू का असं विचारायचं आणि होकार मिळाला तर तो कागदावर घ्यायचा. घरी येऊन चौकोन आखून स्टोरीबोर्ड काढायचा. एक दृश्य सरासरी चार सेकंदांचं धरलं तर साठ सेकंदांत पंधरा दृश्यं बसतात, त्यामुळे चौकोन पंधराच. चित्रकला येत नसेल तर काड्यांची माणसं चालतात. प्रत्येक चौकोनाखाली दृश्य जवळून की लांबून, आवाज कुठला आणि शब्द कुठले, एवढं लिहायचं. हा कागद फाइलमध्ये लागतो; तोंडी परीक्षेत परीक्षकाचा हात आधी त्याच्याकडेच जातो.

चित्रणाच्या दिवशी सकाळचं ऊन वापरावं. दुपारी अरुंद गल्लीत अर्धा चेहरा पांढरा आणि अर्धा काळा येतो. आवाजाकडे मुलं सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि काम तिथेच पडतं. बाजारात दोन हातांवरून घेतलेलं बोलणं ऐकू येत नाही. इयरफोनचा साधा माइक कारागिराच्या गळ्यापाशी लावला तरी फरक कळतो. बोलणं संपल्यावर कुणी काही न बोलता बाजाराचा नुसता आवाज अर्धा मिनिट टिपून ठेवावा; जोडकाम करताना दोन तुकड्यांमधली भेग त्याने बुजते. मोबाइल आडवा धरायचा की उभा, हे आधी ठरवावं, कारण १९२० बाय १०८० चं चित्र नंतर उभं करायला गेलं की कडेची माणसं कापली जातात.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी सगळ्या फाइलींना नावं द्यावीत: तारीख, ठिकाण, दृश्याचा क्रमांक. एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर, एक इंटरनेटवरच्या साठ्यात. सादरीकरणाच्या आदल्या रात्री हार्ड डिस्क बंद पडल्याचं कारण परीक्षकांनी पुष्कळदा ऐकलेलं असतं.

सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नयेत. चित्रासाठी क्रिटा आणि गिंप, आकृत्यांसाठी इंकस्केप, आवाजासाठी ऑडॅसिटी, त्रिमित कामासाठी ब्लेंडर ही सगळी मोफत आहेत आणि शिकण्याला पुरून उरतात. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती शालेय व्हिडिओला पुरेशी आहे, फक्त तिला संगणक जरा दणकट लागतो. दहावीच्या आत महागड्या खासगी ॲनिमेशन वर्गाला घालण्याची काहीच गरज नाही. त्या पैशांत एक बरी तिपाई, बंद कपांचा हेडफोन आणि पेन टॅब्लेट येतो.

मराठी मुलासाठी एक खास सूचना. जयपुरात आजूबाजूला सगळी देवनागरी हिंदीची. मराठीत 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीत रूढ असलेल्या वळणांपेक्षा वेगळी असतात, आणि 'ऱ्हास', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला अर्धा र हिंदीत नसतोच. म्हणून मराठी पोस्टरला फॉन्ट निवडताना ही अक्षरं आधी टाइप करून पाहावीत. चांगल्या फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की मराठी वळणं आपोआप येतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता' मोफत मिळतो आणि शाळेच्या कामाला उत्तम आहे. जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट टाळावेत, कारण दुसऱ्या संगणकावर त्यांची अक्षरं विस्कटतात. अक्षरांत रस वाटला तर र. कृ. जोशी यांचं काम शोधून पाहावं. विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्ट त्यांचा, आणि आयआयटी मुंबईत त्यांनी अक्षरकलेच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या.

छापायचं पोस्टर असेल तर आणखी एक हिशेब. ए-थ्री कागद २९७ बाय ४२० मिलिमीटरचा; इंचाला तीनशे ठिपके धरले तर चित्र ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलचं लागतं. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो तिथे फाटका दिसतो.

दुसऱ्याचं काम वापरण्याबद्दल नववीपासूनच सवय लावावी. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखक, चित्रकार किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, त्यांची चित्रं मोकळेपणी वापरता येतात. कालच्या चित्रपटाचं गाणं येत नाही. वर्गातल्या शिकण्यासाठी कायदा थोडी मोकळीक देतो, पण तोच व्हिडिओ इंटरनेटवर चढवला की ती उरत नाही. फाइलमध्ये एक तक्ता ठेवावा: कुठली वस्तू, कुठून घेतली, कुणाची, कुठल्या परवान्यावर. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र किंवा मजकूर करून घेतला असेल तर तेही त्याच तक्त्यात, काय विचारलं होतं त्यासकट लिहावं. परवानगीचं भान चित्रण करतानाही हवं. सिव्हिल लाइन्समध्ये बंगल्यांची फाटकं, पहारेकरी, गाड्यांचे ताफे टिपू नयेत. मेट्रोच्या आवारात आणि संरक्षित वास्तूंत तिपाई लावण्याआधी परवानगी विचारावी. लहान मुलांचे चेहरे त्यांच्या पालकांच्या लेखी होकाराशिवाय घेऊच नयेत.

हा तक्ता ठेवण्याची शिस्त इंग्लंडमधल्या शाळांत पद्धतशीर शिकवली जाते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंही सोळाव्या वर्षापर्यंतच्या शिक्षणात 'क्रिएटिव्ह आयमीडिया' हा केंब्रिज नॅशनल विषय घेऊ शकतात. २०२२ पासूनच्या रचनेत त्याची लेखी परीक्षा ४० टक्के, ओळखचिन्ह आणि डिजिटल चित्राचं काम २५ टक्के, आणि ॲनिमेशन, कॉमिक, छायाचित्रण, गेम यांसारख्या घटकांतून निवडलेलं एक काम ३५ टक्के. ग्राहकाची मागणी वाचणं, त्यातून आराखडा काढणं, काम करणं आणि शेवटी त्याची तपासणी करणं, हा क्रम प्रत्येक कामाला सक्तीचा असतो. जयपूर किंवा सोलापूरच्या मुलाने तोच क्रम आपल्या फाइलला लावला तर कोणी अडवत नाही, आणि फाइल उठून दिसते.

दहावीनंतर काय? लवकर हाताला काम हवं असेल तर आयटीआयमध्ये 'मल्टिमीडिया, ॲनिमेशन अँड स्पेशल इफेक्ट्स' हा दहावी उत्तीर्णांसाठी एक वर्षाचा व्यवसाय आहे. 'डिजिटल फोटोग्राफर' आणि 'डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर' हेही आहेत. जयपूर रत्नांचं, दागिन्यांचं आणि छापील कापडाचं शहर आहे. हा माल ऑनलाइन विकायचा तर त्याची स्वच्छ छायाचित्रं लागतात, त्यामुळे वस्तूंचं छायाचित्रण आणि फोटोदुरुस्ती येणाऱ्याला इथे काम शोधायला वाव आहे. बारावीनंतर वाटा वाढतात. आयआयटी मुंबईकडून घेतली जाणारी यूसीड ही डिझाइन पदवीची प्रवेशपरीक्षा कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. एनआयडी आणि निफ्ट या डिझाइन संस्थांच्या परीक्षा वेगळ्या. जयपुरातच झालाना भागात भारतीय हस्तकला आणि डिझाइन संस्था आहे, आणि पत्रकारितेसाठी हरिदेव जोशी विद्यापीठ. पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट-दूरचित्रवाणी संस्था मुख्यतः पदवीनंतरची आहे, त्यामुळे बारावीच्या मुलाने तिच्या जोरावर वर्ष मोकळं ठेवू नये.

डिझाइनच्या प्रवेशांत अनेक ठिकाणी विद्यार्थ्याने केलेलं काम पाहतात. तेव्हा नववी-दहावीची फाइल रद्दीत घालू नये. चार-पाच चांगली कामं निवडून, प्रत्येकासोबत सुरुवातीचे कच्चे आराखडे ठेवून, ती एका जागी जपावी. आणि ज्या मराठी घरांना पदवीसाठी मुलाला महाराष्ट्रात पाठवायचं आहे, त्यांनी दहावी-बारावी राज्याबाहेर झालेल्या विद्यार्थ्यांसाठीचे प्रवेशनियम अकरावीतच वाचावेत. तिथे बऱ्याच अभ्यासक्रमांना आई किंवा वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला मागितला जातो. तो गावाकडच्या तहसील कार्यालयातून काढायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हाच अर्ज करून यावा.